पिपलानीतलं पहिलं उड्डाण

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी फोमचं रिमोटवर उडणारं जेट बांधलं. नोकरी सगळी भोपाळच्या कारखान्यात, मशीनवर गेलेली. हात स्वस्थ बसत नव्हते. फोमची शीट कटरने कापली, गरम ग्लूने जोडली, पंख वाकू नयेत म्हणून कार्बनची काडी घातली आणि शेपटीजवळ खाच पाडून मोटर बसवली. सोनागिरीच्या आमच्या घरात महिनाभर जेवणाच्या टेबलावर ते पंख पसरून बसलं होतं. आधी मी ते लाल रंगवलं. दुसऱ्या दिवशी खेळण्यासारखं वाटलं म्हणून वरून राखाडी रंग मारला. लाल असताना ते मी आणि बायकोनेच पाहिलं होतं.

उडवायला पिपलानीतल्या एका मैदानावर गेलो. सोबत एक शेजारी होते. नागपूरचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. मैदानाच्या कडेला रिकाम्या क्वार्टर्सची एक ओळ आहे. शेजाऱ्यांनी विमान हाताने फेकलं आणि ते सरळ वर चढलं.

दोनेक मिनिटांनी ते आपोआप डावीकडे वळलं. मी रिमोटची दांडी उजवीकडे दाबून धरली, मग मोटर बंद केली. आवाज तसाच चालू राहिला. वाट माहीत असल्यासारखं ते सावकाश खाली गेलं आणि शेवटच्या क्वार्टरमागे दिसेनासं झालं. मग आवाज थांबला.

त्या शेवटच्या क्वार्टरचं दार उघडं होतं. अंगणात एक वयस्कर बाई मटार सोलत बसल्या होत्या. विमान भिंतीला टेकवून ठेवलेलं, बॅटरीची वायर काढलेली. ती वायर ओढताना माझीच बोटं दुखतात.

आम्ही आपसात मराठीत बोलत होतो ते त्यांनी ऐकलं असावं.

"आज उशीर केलात," त्या मराठीतच म्हणाल्या.

मी म्हटलं, मावशी, आज पहिल्यांदाच उडवलंय. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. रोज चारच्या सुमाराला ते गच्चीवर उतरतं, त्या म्हणाल्या. घुरघुरत राहतं म्हणून त्या वायर काढून खाली आणतात. मटाराची टरफलं बाजूला करत पुढे म्हणाल्या, "पण लालच बरं होतं. राखाडी आभाळात दिसत नाही."

शेजाऱ्यांना काही कळलं नाही. त्यांना लाल रंगाचं ठाऊकच नव्हतं. मी विमान उलटसुलट करून पाहिलं. एका पंखाच्या टोकाला राखाडी रंग जरासा घासला होता, पण खालचा लाल कुठेही उघडा पडला नव्हता.

घरी आल्यावर सगळं तपासलं. रिमोटवर विमानाचा प्रत्येक भाग नीट हलत होता. दुसरं कोणी तिथे विमान उडवत असेल, असं शेजारी म्हणाले. मैदानाजवळच्या चौकीदाराला विचारलं, तर त्याने तिथे कधी विमान पाहिलं नव्हतं.

आठवड्याने बायको म्हणाली, मला त्या बाईंना भेटायचंय. आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो. बाई अमरावतीकडच्या, कामगाराच्या विधवा. त्या ओळीत आता एकट्याच उरलेल्या. बायकोशी तासभर छान बोलल्या. माहेर, सांडगे, गुडघेदुखी. कुठेही बोलणं भरकटलं नाही. तेवढ्यात मी त्यांना विचारून गच्चीवर गेलो.

कठड्यावर ओरखडे होते. बरेच. सगळे लाल, काहींवरचा रंग पावसाने फिका पडला होता, काहींवर शेवाळ चढून वाळलं होतं. त्यांच्यात राखाडी एकच, ताजा. मी नखाने लाल रंग खरवडला. तो नखात राहिला.

परतताना घराजवळच्या वळणावर बायको म्हणाली, "मी त्यांना विचारलं, विमान घ्यायला रोज कोण येतं."

मी स्कूटर बाजूला घेतली. "मग?"

"म्हणाल्या, तुमचे हेच येतात की."

पुढच्या महिन्यात त्या बाईंचा मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला, असं चौकीदाराकडून कळलं. मी विमानातली मोटर काढून दुसऱ्या मॉडेलला लावली आणि तो फोम कपाटावर टाकला. पिपलानीच्या त्या मैदानावर मी पुन्हा गेलेलो नाही. निदान मला तसं आठवत नाही. चार वाजायच्या सुमाराला मी घरात कुठे आहे, हे बायको एकदा येऊन बघून जाते.