मनीषाच्या विम्यासाठी खराडी ते शनिवार पेठ

इंदापूरहून सकाळच्या एसटीनं पुण्याला निघालो. बायको जाऊन चार महिने झाले; त्यानंतरचा हा पहिला प्रवास. खिडकीची जागा मिळाली. नको होती, तिथं ती बसायची. भिगवणजवळ उजनीचं पाणी लांबवर चकाकत होतं, कडेला पांढरे पक्षी उभे होते. बघितलं आणि मान वळवली.

थोरली लेक मनीषा बिबवेवाडीत खोली घेऊन राहते. फोटो काढते, पण कुणाच्या नोकरीत नाही. खराडीतल्या एका कंपनीनं तिला वर्षभराचं काम देऊ केलं होतं. अट एकच: शुक्रवारपर्यंत पब्लिक लायबिलिटी विमा (आपल्या कामात तिऱ्हाइताला इजा झाली तर भरपाई देणारा) दाखवा.

पोरीनं पोहे पुढं ठेवले. म्हणाली, "अण्णा, विमा आहे माझा. पण तो कॅमेऱ्याचा."

"म्हणजे कॅमेरा फुटला तर भरपाई, माणूस फुटला तर नाही? ऊठ, चल."

खराडीत सगळ्या इमारती काचेच्या. विमा एजंटच्या ऑफिसात शिरताना दार समजून काचेवर कपाळ आपटलं. वॉचमन म्हणाला, "आजोबा, दार इकडं आहे."

"आणि ह्या कपाळाचा विमा काढलाय का तुमच्या साहेबानं?" मी विचारलं. तो हसला नाही.

एजंट चटपटीत होता. अर्जात एक प्रश्न आला: पूर्वी तुमच्या कामात कुणाला इजा झाली आहे का? मनीषाचा हात थांबला. महिन्यापूर्वी एका लग्नात शेवटच्या मंगलाष्टकाला पाहुणे अक्षता टाकायला पुढं रेटले, तिच्या दिव्याचा स्टँड कलंडला आणि नवरीच्या मावशीचं मनगट मोडलं. भीतीनं ही त्या घराकडं फिरकलीच नव्हती.

"'नाही' लिहा मॅडम. कोण बघतंय?" एजंट म्हणाला.

"आणि उद्या कुणाला लागलं, विमा कंपनीनं हे उकरून काढलं, तर?"

"तर मग... क्लेम नाकारू शकतात, काका."

"मग हा कागद काय भिंतीला लावायचा?"

तो म्हणाला, खरं लिहायचं तर त्या बाईंचं काही मागणं आहे का, ते लेखी आणा.

रिक्षानं शनिवार पेठ गाठली. मावशीबाईंनीच दार उघडलं, डावा हात प्लास्टरमध्ये. मनीषाला बघून म्हणाल्या, "आलीस? मला वाटलं फोटो आले."

पोरीचे डोळे भरले. मीच बोललो, "बाई, मी हिचा बाप. गवंडी होतो, चौथी शिकलोय, गोड बोलता येत नाही. दिवा हिचा, चूक हिची. तुमचं काय मागणं असेल ते लिहून द्या."

"अहो, सगळी चूक तिची कशी? स्टँडच्या पायावर वजनाला वाळूची पिशवी होती. माझी खुर्ची मावेना, म्हणून मीच काढायला लावली. तेही लिहा. अर्धंमुर्धं लिहिलेलं मला चालत नाही."

मी मनीषाकडं वळलो. "बोलली नाहीस ते?"

"पाहुण्यांवर कसं ढकलू, अण्णा?"

"आणि काढलीस कशाला? मालक म्हणाला म्हणून परांचीचा (उंचावर काम करायला बांधतात त्या बांबूच्या सांगाड्याचा) दोर मी कधी सोडला नाही."

"ऐक वडिलांचं," बाई म्हणाल्या. मग मला, "मिसेसना नाही आणलंत?"

"गेली."

त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. आत जाऊन एका हातानं चहा केला, मनीषाला हात लावू दिला नाही. मग झालं ते सगळं लिहिलं, खाली लिहिलं, माझं काही मागणं नाही. सही करून म्हणाल्या, "फोटो मात्र हवेत. पडायच्या आधीचे."

खरं लिहिल्यानं हप्ता थोडा वाढला. शुक्रवारी दुपारी कागद हातात आला, काम मिळालं. मी संध्याकाळची एसटी धरली.

विमा घेतला म्हणून दिवे पडायचे थांबत नाहीत. पण पुन्हा कुणाला लागलं तर त्या माणसाचं औषधपाणी होईल आणि माझ्या पोरीला महिनाभर तोंड चुकवत फिरावं लागणार नाही. एवढ्यासाठी कपाळाला टेंगूळ आलं, तर आलं.

घरी पोचलो. हे जिला सांगितलं असतं ती नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.