तीन नंबरची फ्लॉपी

शेजारच्या मनकर्णावहिनींना मी हात जोडून सांगितलं होतं, त्या मशीनवर आता कापड टाका आणि गप बसा. पण ऐकतील तर त्या मनकर्णावहिनी कसल्या!

मशीन म्हणजे कॉम्प्युटर. त्यांचे यजमान दिनकररावभाऊजी परभणीतल्या कचेरीतून निवृत्त झाले. लोक अशा वेळी काशीला जातात. हे औरंगाबादला गेले आणि जुना कॉम्प्युटर घेऊन आले. गल्लीला हसायला विषय मिळाला, मीही पोटभर हसले. मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर पाच फ्लॉप्यांवर होतं. दोन नीट उतरायच्या, तिसरीला मशीन अडायचं. वाचता येत नाही, म्हणायचं. भाऊजी फ्लॉपी पुसायचे, फुंकायचे, पुन्हा घालायचे. शेवटी स्टेशनाजवळच्या एका ओळखीच्या माणसाकडून तिसरी नवी करून आणली. घरी येऊन अंगातला निळ्या रेघांचा शर्ट खुंटीला अडकवला, "चहा टाक" म्हणाले, आणि तो चहा काही ते प्यायले नाहीत.

तेराव्यानंतर वहिनींच्या जावेनं कपड्यांचं गाठोडं बांधून भुजंगला दिलं. भुजंग पालमचा, यांच्या शेतावरचा जुना गडी. वहिनींची एकुलती एक मुलगी सोलापूरला दिलेली, तीही परत गेली.

मग रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून मशीनची घरघर ऐकू यायला लागली. भाऊजींच्या शेजारी बसून बसून वहिनींना सगळं पाठ झालं होतं. पहिली फ्लॉपी घालायची, मग दुसरी. की पडद्यावर यायचं, तीन नंबरची घाला. इंग्रजी येत नसलं तरी तीनचा आकडा त्यांना कळत होता. जुनी तिसरी घातली की वाचता येत नाही, चौथी घातली की ही नव्हे. नवी तिसरी तर घरभर शोधूनही सापडली नव्हती.

"कशाला रोज जीव जाळता?" मी चिडून विचारलं.

"मागतंय ना ते," वहिनी म्हणाल्या. "पाणी दे, चष्मा दे, चहा टाक. जन्मभर कुणीतरी मागत होतं मला. आता ह्या घरात हे एकटंच मागायलंय. आणि माझ्याकडं द्यायला न्हाई."

मी उठून घरी आले.

एकदा धुणं वाळत घालताना वहिनी मध्येच थांबल्या. शर्टाचा खिसा! गाठोडं बांधताना खिसे कुणी बघितलेच नव्हते. तो विद्यापीठाच्या नामांतराचा जानेवारी होता, बंद आणि दंगलींमुळं एसटीचा भरवसा नव्हता. गाड्या सुरळीत होईपर्यंत वहिनींनी माझं डोकं खाल्लं. मग दोघी पालमला निघालो. वाटेत मी बजावलं, "गेलेल्या माणसाचं दिलेलं परत घरात आणू नये."

"शर्ट दिला मी," त्या म्हणाल्या. "ती कुठं दिली?"

पालमच्या बाजारात एका दुकानापुढं एक माणूस पोती उतरवत होता. पाठमोरा. अंगात निळ्या रेघांचा शर्ट. वहिनी जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून गेलं, "अहो..."

भुजंग वळला. वहिनींनी पदर तोंडाला लावला, आणि मी भर बाजारात रडले.

फ्लॉपी त्यानं घरात कोनाड्यात जपून ठेवली होती. "खिशात घावली, बाई. साहेबाची वस्तू म्हनून पानी लागू दिलं न्हाई. पर दिलेलं परत कसं आनावं, म्हनून आलो न्हाई."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम वहिनींजवळ जाऊन बसले. मशीननं तीन नंबरची मागितली, वहिनींनी घातली. मग चार मागितली, पाच मागितली. मग घरघर थांबली. पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत राहिली. झालं होतं. भाऊजींचं अडलेलं काम वहिनींनी पुरं केलं होतं.

"टाइप करा की काहीतरी," मी म्हटलं.

वहिनींनी त्या लुकलुकणाऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "आता काहीच मागंना गं," म्हणाल्या आणि त्यांनी बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडं चिडीचूप. माझा साखरेचा डबा काठोकाठ भरलेला होता. तरी मी वाटी घेऊन गेले आणि दारातूनच ओरडले, "वहिनी, जरा साखर द्या!"

त्या उठल्या. वाटी शीग लावून भरली.

"आणि उद्या विरजण लागंल," मी म्हटलं.