खोलीतला लसणाचा वास

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. भूत, भानामती, अंगात येणं... वर्गात यांची यथेच्छ टिंगल करणारा माणूस मी. या सदरातले अनुभवसुद्धा आजवर चहाबरोबर हसायला म्हणून वाचले. आज स्वतःच लिहायला बसलोय, आणि खरं सांगतो, भीतीपेक्षा स्वतःची लाजच जास्त वाटतेय.

आमचं घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या बोळात. खाली पुढची खोली, स्वयंपाकघर आणि एक बेडरूम, वर गच्ची. मी, बायको सुजाता आणि नऊ वर्षांची अनू. वर्षाची ज्वारी मुरगूडहून येते. ती भरायचं पत्र्याचं पिंप बेडरूममध्ये, कॉटच्या उशालाच — दुसरीकडे जागाच नाही. बोळातल्या निम्म्या घरांत असंच आहे, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

ज्वारी भरायला दर मे महिन्यात आत्ती यायची. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, मुरगूडला असते. आई-वडील गेल्यावर मला हक्कानं रागावणारं एवढंच माणूस उरलंय. एसटीनं यायची, सोबत सावलीत वाळवलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचं गाठोडं. दोन दिवस ज्वारीला ऊन द्यायची, हाताला एरंडेल लावून दाणे चोळायची, मग एक थर ज्वारीचा, एक पाल्याचा. उजव्या हाताची करंगळी अर्धीच — कडबा कापायच्या यंत्रात गेलेली — पण हात असा चालायचा की बघत राहावं.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. "कवा येऊ रं? पाला वाळवून ठेवलाय."

आम्ही नुकताच बेडरूमला एसी बसवला होता. खिडकीच्या फटीसुद्धा टेप लावून बंद केलेल्या. त्या खोलीत तेलाचे हात, पाल्याचा कचरा... मी म्हणालो, "यंदा नको येऊस आत्ती. दुकानात गोळ्या मिळतात, टाकल्या की वर्षभर काळजी नाही. तुझ्या पाल्यानं घरभर घाण होते."

आत्ती म्हणाली, "बरं. तुझं बी खरंच हाय की." आणि फोन ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

गोळ्या देताना दुकानदारानं बजावलं होतं, "सर, झोपायच्या खोलीत न्हाय ठेवायचं हां ह्ये." मी मान डोलावली. मला कोण शिकवणार! या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की फॉस्फीन वायू सुटतो, तो जीव घेतो, त्याला लसणासारखा वास येतो — हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण घरी आल्यावर माझ्यातला मास्तर चपलांबरोबर दाराबाहेरच राहिला. पिंपाला झाकण आहे, वर फडकं बांधलंय, झालं की...

सकाळी मी आणि सुजातानं पिंप भरलं. भरलेलं पिंप भिंतीला सरकवताना दोघांचीही कंबर गेली. गोळ्या टाकल्या आणि मी पेपर तपासायला कॉलेजला गेलो. दुपारी जेवायला आलो तेव्हा अनू एसी लावून कॉटवर पडली होती. खोलीत लसणाचा वास. आदल्याच दिवशी डंकावरून वर्षाची कांदा-लसूण चटणी कुटून आणली होती. मे महिन्यात लसणाचा वास नसलेलं घर कोल्हापुरात दाखवा मला! वास चटणीचाच, असं मी धरून चाललो.

"बाबा, डोकं दुखतंय."

"मोबाईल बघून दुखतंय. झोप जरा."

आणि दार मी लावलं. माझ्या हातानं. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून.

पुढचं सुजातानं सांगितलेलं. मी परत कॉलेजला गेलो, ती गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटत होती. साडेतीनच्या सुमारास खालून हाक आली — "सुजे! ए सुजे! पोरगी बघ की!" कठड्यावरून वाकून बघते तर दारातल्या पायरीवर आत्ती बसलेली, मांडीवर अनू. अनू ओकत होती. "हिला दवाखान्यात ने आदी. पिंपात औषध हाय म्हणून सांग डाक्टरला. जा, मी हाय हितं." सुजातानं काही विचारलं नाही, पोरीला उचलून रिक्षात घातलं.

मी धावत पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "लवकर आणलं, आणि कशामुळं ते लगेच सांगितलं म्हणून बरं. यावर उतारा नसतो, सर." मला ठाऊक होतं. मीच शिकवतो. सुजाता रडत म्हणाली, "आत्ती येणार हाईत म्हणून बोलला न्हाई तुम्ही. त्या नसत्या तर..."

तीन दिवस अनू आयसीयूत होती. तीन दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून मनात ते एकच दार लावत होतो.

पहिल्या संध्याकाळी कपडे न्यायला घरी आलो. दार उघडं, आत कुणी नाही. बेडरूमची खिडकी सताड उघडी, टेप ओरबाडून काढलेली. आणि पिंप मागच्या परसात, उघड्यावर. आम्हा दोघांना जे हातभर सरकवताना घाम फुटला होता, तेच. आत्ती कुठंच नव्हती. वाटलं, माझ्यावर रागावून मुरगूडची गाडी धरली असणार. फोन लावला. तिच्या सुनेनं उचलला.

"आत्ती पोचली का?"

"पोचली म्हंजे? भावजी, आई हातरुणात हाईत. न्हाणीत पडल्या, खुबा मोडलाय. आठ दिस झालं. तुमास्नी कळवू नका म्हणाल्या." तिनं फोन आत्तीच्या हातात दिला.

"आत्ती, आज तू आली होतीस?"

"मी कुठनं येतो रं?" ती म्हणाली. "तू नको म्हणालास की."

टोमणा नव्हता त्यात. तिनं आपलं साधं सांगितलं.

शंका मीही काढल्या. सुजाताला उन्हात भास झाला आणि अनू आपली आपण बाहेर आली, असं म्हणावं तर पिंप कुणी ओढलं? शेजारीपाजारी विचारून झालं, कुणीच नाही. अनू म्हणते, आत्तीआजीनं हलवून उठवलं, तिच्या हाताला तेलाचा वास होता. आणि खिडकीच्या काचेवर एक तेलकट पंजा उमटला होता. उजवा. करंगळी अर्धी.

वर्षभर ती काच मी कुणाला पुसू दिली नाही.

यंदा मी स्वतः मुरगूडला जाऊन आत्तीला घेऊन आलो. काठी घेऊन चालते आता. गोळ्या बंद. पिंप पुढच्या खोलीत आणलं, त्यासाठी सोफा काढून टाकला. बेडरूमची खिडकी आता एसी असला तरी रोज उघडतो. आत्ती खुर्चीत बसून सांगायची आणि अनू एरंडेलाचे हात करून ज्वारी चोळायची. निघायच्या दिवशी धीर करून मी आत्तीला काच दाखवली. सगळं सांगितलं — दार लावल्याचंसुद्धा, जे तोवर सुजातालाही सांगितलं नव्हतं.

तिनं चष्मा लावून पंजा न्याहाळला. "माझाच दिसतोय की," म्हणाली, आणि मी अडवेपर्यंत पदरानं काच पुसून टाकली. "वरीसभर काच घाण ठेवत्यात व्हय?"

पुरावा म्हणून माझ्याकडे होतं ते तेवढंच. तेही गेलं. हे कसं घडलं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही...

तिचा मुलगा गाडी घेऊन न्यायला आला. गाडी सुटता सुटता तिनं काच खाली करून मला जवळ बोलावलं. वाटलं, आता तरी काही सांगेल.

"पुढच्या साली येऊ नव्हं रं?" तिनं विचारलं.