तीच गोळी

गोळ्याबाई गल्लीत शिरल्या की काही घरांची दारं हळूच लोटली जात. "आली घारीसारखी घिरट्या घालत," असं कोणीतरी आतून म्हणे, आणि ते त्यांना ऐकू जावं अशाच आवाजात म्हणे.

त्यात खोटं काही नव्हतं. माणूस गेल्यावर त्याचे कपडे कोणाला द्यायचे, काठी कुठे ठेवायची, हे घरच्यांना सुचतं. उरलेल्या औषधांचं काय करायचं ते मात्र सुचत नाही. ती कपाटात पडून राहतात आणि मुदत संपली की कचऱ्यात जातात. गोळ्याबाई त्याच्या आधी पोचत. दारात चपला काढून, आवाज खाली आणून "फार वाईट झालं" म्हणत, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारत, "औषधं काही उरली आहेत का हो?"

सरकारी इस्पितळाच्या मागे, पूर्वी चादरी धुवायच्या त्या खोलीत त्यांची औषधपेढी होती. भिंतींना अजून साबणाचा वास होता. फळ्यांवर बिस्किटांचे रिकामे डबे आणि डब्यांवर चिकटवलेल्या पट्ट्या: रक्तदाब, साखर, फिट्स, थायरॉइड. नवरा गेल्यावर बाईंनी औषधांच्या दुकानात काउंटरवर बरीच वर्षं काढली होती. पट्टीतून सुटी पडलेली गोळीसुद्धा त्या रंगावरून ओळखत. इस्पितळाचा फार्मासिस्ट अधूनमधून येऊन सगळं तपासून जाई. नियम साधा होता: पट्टी न उघडलेली हवी आणि मुदत वाचता आली पाहिजे. गरिबाला फुकट द्यायचं म्हणून काहीही द्यायचं नाही, याबाबतीत बाई कोणाच्या बापाला ऐकत नसत.

काजवाली या खोलीत पहिल्यांदा आली ती शर्टांच्या कारखान्यातून सरळ, केसांत दोऱ्याचे तुकडे घेऊन. दिवसभर ती शर्टांना काजं करी. तिला रक्ताचा कर्करोग होता, पण ज्याने हल्ली मरायचं कारण नाही अशा जातीचा. रोज एक गोळी घेतली की माणूस म्हातारा होऊ शकतो. सरकारी योजनेत नाव लागलं की ती गोळी तिला फुकट मिळणार होती. अर्ज वर गेला होता, मंजुरी यायची होती. तोवर विकत घ्यायची म्हटलं तर सगळा पगार ओतूनही अर्धा महिना भागत नव्हता. आणि पेढीत ती गोळी नव्हती. इतकी महाग औषधं कोणाकडे उरत नाहीत.

"दिवसाआड घेतली तर चालेल का, ताई?"

"नाही."

"अर्धी अर्धी?"

"वेडी आहेस का? खाडा पडला की रोग डोकं वर काढतो. मग तीच गोळी लागू पडत नाही."

"मग मंजुरी येईपर्यंत रोगालाच जरा थांब म्हणून सांगा," असं म्हणून ती हसली. हसताना तिने टेबलाची कड धरली होती.

ती गोळी गावात आणखी एका घरात येते हे गोळ्याबाईंना माहीत होतं. तिथल्या आजींची औषधं त्यांनीच मागे नेली होती. आजोबांना काजवालीचाच आजार होता, आणि मुलाच्या कंपनीकडून गोळ्यांची खोकी दर महिन्याला घरपोच येत. शिवाय त्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी "आता जपा" एवढंच सांगितलं होतं. आजवर बाई माणूस गेल्यावर जात. या घरी त्या आधीपासूनच जायला लागल्या.

आजोबा निवृत्त बस कंडक्टर होते आणि आजारपणातही गाडी त्यांच्याच हुकुमाने चाले.

"या, गोळ्याबाई! पुढे सरका, दारात गर्दी करू नका. बघायला आलात ना? अजून माझा स्टॉप आलेला नाही."

"काहीतरीच काय बोलता काका! सफरचंदं आणलीत."

"सफरचंदं मला आणि गोळ्या तुम्हाला. चोख व्यवहार आहे." मग आत तोंड करून ओरडत, "सूनबाई! चहा टाकतेस की पाणी आटायची वाट बघतेस? बधिर आहे नुसती!"

सून बधिर नव्हती. तिचा नवरा कामानिमित्त सतत बाहेरगावी असे. घरात सासरे आणि ती. अंथरुणं धुऊन धुऊन तिच्या बोटांची सालं निघाली होती. जेवण आवडलं नाही की कंडक्टर ताट ढकलून देत आणि खरकटं तीच पुसून काढी. गोळ्याबाई स्वयंपाकघरात तिच्यापाशी दोन घटका बसत. खरं तर तेवढ्यासाठीच आपण त्या घरी जातो, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं.

"एक तरुण बाई खोळंबलीय गं," एकदा त्या बोलून गेल्या. "तिला हीच गोळी लागते."

सून भाजी चिरत होती. "यांना देऊन तरी काय उपयोग, काकू? हृदय कामातून गेलंय. डॉक्टरच म्हणाले."

"असं म्हणू नये."

"म्हणत नाही. नुसतं विचारतेय." तिची सुरी थांबली. "उघडलेली पट्टी तुम्हाला चालत नाही ना?"

"नाही. न उघडलेलीच लागते."

सुनेने मान हलवली आणि पुन्हा चिरायला लागली. त्या दिवशी परतताना गोळ्याबाईंना आपण काही चुकीचं बोललो असं वाटलं नाही. नियमच होता तो.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्या गेल्या तेव्हा कंडक्टरांचा चेहरा ओघळला होता. अंगात कणकण, उशी घामाने ओली. थट्टाही केली नाही. बाई जवळ बसताच त्यांनी मूठ उघडली. तळहातावर एक गोळी होती.

"ही बघा. अंधाऱ्या बसमध्ये खोटं नाणं मी अंगठ्याने ओळखायचो. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, अंगठ्यात नाही. ती गोळी लांबट होती, मधोमध चीर होती. ही वाटोळी आणि गुळगुळीत. सूनबाई म्हणते कंपनी बदलली. तिचं काही सांगू नका, ती मी कधी जातोय याची वाट बघतेय. तुमचं आयुष्य गेलंय गोळ्यांत. तुम्ही सांगा, तीच आहे का?"

गोळ्याबाईंनी गोळी खिडकीपाशी नेली. नेण्याची गरज नव्हती. ती व्हिटॅमिनची गोळी होती, पेढीतल्या डब्यात असल्यांच्या पट्ट्या ढिगाने पडलेल्या असत आणि आयांबरोबर आलेली पोरं त्यांतल्या मागून खात.

सून दारात उभी होती. हात ओले. तिने डोळ्यांनीसुद्धा काही मागितलं नाही. आपला नंबर कधी येतो याची वाट बघणाऱ्या माणसासारखी ती नुसती उभी होती.

काजवालीने पगार ओतून विकत घेतलेल्या गोळ्या संपून गेल्या होत्या. परवाच पेढीच्या पायऱ्या चढताना ती मध्येच खाली बसली होती आणि "दम खाते, ताई, तुमचं चालू दे" म्हणाली होती.

"तीच आहे, काका," गोळ्याबाई म्हणाल्या. "कंपनी बदलली की आकार बदलतो."

"नक्की?"

"नक्की."

कंडक्टरांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले. मग दाराच्या दिशेने अंदाजाने बघत म्हणाले, "सूनबाई, चुकलो गं. उगाच तुझ्यावर संशय घेतला."

त्या घरात त्यांनी कोणाची माफी मागितल्याचं सुनेला आठवत नव्हतं. ती आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ बंद झाला नाही.

गोळ्याबाईंनी त्या दिवशी चहा घेतला नाही. निघताना सुनेने विचारलं, "परत कधी येताय, काकू?"

"आता एकदमच येईन," त्या म्हणाल्या.

आणि तशाच आल्या. दारात चपला काढल्या, आवाज खाली आणला, "फार वाईट झालं" म्हणाल्या. मुलगा डोळे पुसत होता. "बाबा नेहमी म्हणायचे, माझ्या गोळ्या गोळ्याबाईंना." विचारायची वेळच आली नाही. सुनेने पिशवी भरूनच ठेवली होती.

"एकही पट्टी उघडलेली नाही. तपासून घ्या."

बाईंनी खोकी काढून एकेक पट्टी तपासली. मुदत वाचली. मुलगा कौतुकाने बघत राहिला, किती काळजीने करतात म्हणून.

"कोणाच्या घरच्या या?" पेढीत काजवालीने विचारलं.

"एक आजोबा गेले."

"त्रास झाला का हो त्यांना?"

"झोपेत गेले."

"चांगलं झालं बाई," ती म्हणाली आणि पाण्यासाठी इकडेतिकडे बघू लागली.

पहिलं खोकंही संपलं नव्हतं तोच योजनेची मंजुरी आली. इतक्या लवकर येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. काजवालीला इस्पितळाच्या खिडकीवरच गोळ्या मिळू लागल्या. कंडक्टरांच्या उरलेल्या गोळ्यांसाठी बाईंनी वेगळा डबा केला, नवी पट्टी चिकटवली. त्या गोळीचा दुसरा रोगी आला नाही. मुदत संपल्यावर फार्मासिस्टने नियमाप्रमाणे सगळी खोकी टाकून द्यायच्या टोपलीत उपडी केली. "एवढ्या महागाच्या! वाया गेल्या बघा," तो हळहळला.

गोळ्याबाई आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. पेढी दुसरं कोणी चालवतं. त्यांच्याही डोळ्यांवर पडदा आलाय आणि रक्तदाबाची गोळी त्यांची सून सकाळी त्यांच्या तळहातावर ठेवते. सून चांगली आहे, गल्लीत सगळे तसं म्हणतात. बाई ती गोळी अंगठ्याने चाचपत राहतात.

"अहो आई, घ्या ना. मला कामावर जायचंय."

सुट्टीच्या दिवशी काजवाली येते. अंगाने भरलीय, केस पिकलेत. बाईंना ती देव मानते, येणाऱ्या-जाणाऱ्याला तसं सांगते, आणि बसल्या बसल्या त्यांच्या ब्लाउजांची सुटलेली हुकं लावून देते. त्या सकाळची गोळी बाई तिला दाखवायला राखून ठेवतात. सून बाहेर गेली की मूठ उघडतात.

"बघ गं. तीच आहे ना?"

"तीच आहे, ताई," काजवाली सुईवरून नजर न काढता सांगते. "घ्या बघू मुकाट्याने."