अठ्ठावीस लिटर पाणी

कोलशेतच्या कारखान्यात सुदेशने आणि मी बावीस वर्षं सुका बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, कापला. कारखाना बंद पडला. मी घरी बसलो. सुदेश शहाडला एका लग्नाच्या हॉलवर लागला. नवरा-नवरी येताना स्टेजवर ढग पसरतात, ते काम त्याचं. स्टेजखाली खड्डा, खड्ड्यात गरम पाण्याची टाकी. टाकीत सुक्या बर्फाने भरलेली जाळी सोडायची, की पांढरा धूर वर उठतो.

सुदेश दहावी नापास. पण गणित त्याने थर्मामीटर आणि वजनकाटा घेऊन स्वतः बसवलं होतं. एक किलो बर्फ उडून जाताना चौदा लिटर पाणी दहा अंशांनी थंड करतो. म्हणून टाकीत साठ अंशांचं, अठ्ठावीस लिटरच पाणी. दहा किलो उडाला की ते दहा अंशांवर येतं, उरलेल्या तुकड्यांवर पाणी गोठतं, धूर मंदावतो. घाईत कोणी वीस किलो टाकला तरी दहाच उडतो. दहा किलोचा वायू होतो पाच हजार लिटर. बराचसा स्टेजवर जातो. उरतो तो हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचतो, श्वास कोंडतो. याहून जास्त नको, हे त्याने ठरवलं होतं.

मालकाचा मुलगा हर्षित. त्याने टाकीत हीटर बसवला. पाणी थंडच होईना, टाकाल तेवढा बर्फ उडू लागला.

"शेठ, हीटर काढा. नाहीतर खड्ड्यात पंखा लावा."

"काका, पंख्याने धूर जाईल ना! लोकांना धूर पाहिजे. तुम्ही काय बोर्डाचा पेपर सोडवताय?"

सुदेशने काम सोडलं. आपण गेलो की हे थांबतील, असं त्याला वाटलं. त्याच्या जागी डेकोरेशनवाला गणू खड्ड्यात उतरू लागला.

लग्नांचा एक हंगाम गेला. काही झालं नाही. तेच सुदेशच्या अंगावर आलं. हॉलवरचे हसू लागले. बायको कांताही म्हणाली, "उगाच सोडलंत." त्याने गणित तीनदा पुन्हा केलं. चूक सापडेना. अपघात व्हावा, असं तर म्हणता येत नव्हतं.

गेल्या गुरुवारी आम्ही दोघं हॉलवर गेलो. गणू खड्ड्याच्या तोंडाशी बसलेला.

"डोकं दुखतं का रे?" सुदेशने विचारलं.

"रोजच, काका. दम पण लागतो. खाली उकडतं ना."

"उकाड्याने नाही ते. उतरू नकोस."

"तुम्ही सोडलंत. मला कुठे सोडता येतंय?"

गणूने डोकेदुखीची गोळी गिळली. स्टेजवरून खूण झाली. सुदेशने त्याचा दंड धरला. गणूने तो हळूच सोडवला आणि शिडी उतरला.

सुदेश काठाशी बसून त्याला हाका मारत राहिला. बँडच्या आवाजात शेजारी उभ्या मलाही त्या ऐकू येत नव्हत्या.