आईचा डावा हात

माझ्या पायाला पहिल्यापासून भिंगरी. एका जागी बसणं म्हणजे मला शिक्षाच, आणि त्या वर्षी देवानं नेमकं बसायचंच काम माझ्या वाट्याला दिलं.

आईला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा घाटनांदूरला माझ्या सासरी निरोप आला तो ती जात असल्याचाच. मरणाच्या घरी लेकरू नको म्हणून सासूबाईंनी माझा दीड वर्षाचा मुलगा ठेवून घेतला. दोन दिवस बैलगाडीत रडत मी वडवणीला पोचले, तर आई डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. बीडहून आणलेल्या हकीमसाहेबांनी तिला वाचवलं होतं. डावी बाजू मात्र लुळी पडली होती. तेल चोळा, हात हलवत राहा, हळूहळू वळेल, असं ते सांगून गेले होते.

सेवेचं मला काही वाटत नव्हतं. तेल चोळणं, ज्वारीच्या कण्या भरवणं, कूस बदलणं, सगळं मी झपाझप उरकायची. अडायचं ते पूजेपाशी. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज डाव्या तळहातावर घेऊन पुजायचं, मगच तोंडात घास घालायचा. आईचा नेमका तोच हात गेला होता, आणि दुसऱ्याचं लिंग आपण हातात घ्यायचं नसतं. मग मी तोड काढली. तिचा तळवा माझ्या तळव्यावर ठेवायचा आणि लिंग तिच्या हातावर. उजव्या हातानं ती पाणी घाली, भस्म लावी, बेल वाही, आणि मग कितीतरी वेळ त्याच्याकडे टक लावून बसे. मी मनातल्या मनात चुळबुळत राही.

पंधरा दिवसांनी त्या बोटांत थोडा जोर आला. तिला हाताचं काहीच जाणवत नसे, म्हणून ती रोज मला विचारी, "हाताचं वजन कमी लागतंय का गं?" खरंच लागत होतं. तसं सांगितलं की ती दिवसभर खुशीत असे.

माझा जीव मात्र दाराशी. अंगावरचं दूध अजून तुटलं नव्हतं, चोळी ओली व्हायची. सासरची गाडी केव्हाही येणार होती आणि मी तिची वाटही बघत होते, धास्तीही घेत होते.

एका सकाळी पूजा चालू असताना दारावरून घुंगरांचा आवाज आला. गाडी आली असं वाटून मी झटकन वळले. माझा हात कलला, त्याबरोबर आईचा, आणि लिंग सारवलेल्या जमिनीवर पडलं. गाडी बाजाराला चाललेल्या कुणाची तरी होती.

भावजय कण्यांची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात असा धर, तेल असं चोळ, म्हणून मी तिला रोज शहाणपण शिकवत आले होते. तिच्यासमोर मला कमीपणा घेववेना.

"माय, हात हालला गं तुझा," मी म्हणाले.

आईनं हाताकडे पाहिलं. "मला कळलंबी न्हाई," ती म्हणाली.

आमचे गुरू जंगमस्वामी आले. त्यांनी लिंग शुद्ध करून परत तिच्या गळ्यात घातलं आणि आजारी माणसाला दोष नाही, जेवा, असं सांगितलं. ती ऐकेना. "हात धड होस्तोवर मी लिंग हातात घ्यायची न्हाई. आन् पूजेबिगर घास न्हाई." तो हात तिनं पदराखाली सारला. तेलही लावू देईना. तो दिवस गेला, दुसरा गेला. नुसत्या पाण्यावर ती पडून राहिली, ओठांची सालं निघाली. भावानं पाय धरून पाहिले.

"अक्का, तुमचं ऐकतेत त्या. तुमी सांगा की," भावजय रडत म्हणाली.

मी अंगणातून घरात, घरातून अंगणात फेऱ्या घालत होते. म्हातारीच्या हट्टाचा मला संताप येत होता. चूक कुणाची ते ठाऊक असूनही येत होता, असा माझा स्वभाव. पण तिसऱ्या सकाळी तिला उठवून बसवलं, तर मान धरवेना. मी घाबरले. वाचलेली आई माझ्या एका खोट्यापायी जाणार होती.

भावजयीसमोरच बोलले. "माय, हात तुझा न्हाई हालला. माझा हालला. गाडी आली वाटलं मला. मी खोटं बोलले."

आता ती तोंड फिरवील, शिव्या देईल, असं वाटून मी मान खाली घातली.

"म्हंजी माझ्या हातानं न्हाई पाडलं?"

"न्हाई गं."

अर्ध्या तोंडानं ती हसली. तो लुळा हात तिनं उजव्या हातानं पदराखालून काढून मांडीवर घेतला. "मग आधी कावून न्हाई सांगितलंस? दोन दिस मी त्येला लई बोल लावतीय."

रागाचा एक शब्द नाही. मला रडू कोसळलं. तिनं थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

तिनं पाणी आणि बेल मागितला. मी डोळे पुसून समोर बसले आणि हात पुढे केला. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि भावजयीला हाक मारली.

"तू बस बाई हितं, तुझा हात दे. हिला जाऊ दे लेकराकडं. हिचं मन थाऱ्यावर न्हाई."

मी उठून भावजयीला जागा दिली.