पंचनाम्यावरची माझी सही

मी सेनगाव तालुक्यातला, साखऱ्याकडचा. बारावीनंतर काळीपिवळी चालवली, मग ट्रॅक्टर. पस्तिशीला आलो तेव्हा एका सरकारी पथकाच्या गाडीवर कंत्राटी ड्रायव्हर म्हणून लागलो. दहशतवादविरोधी कामासाठी वरून नेमलेलं पथक होतं. गाडी नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. घरी पेढे वाटले. बायकोनं माहेरी फोन करून सांगितलं की ह्यांना आता सरकारी गाडी मिळाली.

पहिल्या वर्षभरात मला दहशतवादी काही दिसला नाही. सकाळी पथकप्रमुख साहेबांच्या मुलीला शिकवणीला सोडायचं, दुपारी बाईसाहेबांना नांदेडला खरेदीला न्यायचं, सुगीत साहेबांच्या गावाकडून गव्हाची पोती आणायची. संध्याकाळी गाडीच्या वहीत मी लिहायचो, ‘गोपनीय कामकाज’. तसं लिही म्हणून साहेबांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्यात वावगं वाटलं नाही असं म्हणालो तर खोटं होईल. वाटायचं. पण नोकरी टिकवायची होती, आणि साहेब अरेतुरे करत असले तरी जेवलास का म्हणून रोज विचारायचे.

बायकोचं माहेर कळमनुरी तालुक्यात. तिच्या गावाच्या वरच्या अंगाला मोठं गायरान आहे. तिथं एका कंपनीचा सौरऊर्जेचा प्रकल्प येणार होता आणि कुंपणाचे खांब पडायला लागले होते. गावातल्या एका मेंढपाळाची सगळी मेंढरं त्याच गायरानावर चरायची. तो बायकोच्या नात्यातला नव्हता, पण तिच्या गावचा म्हणून मी त्याला मामा म्हणायचो आणि तो मला जावईबापू. साठीच्या आसपासचा, सातवी शिकलेला, अक्षर मात्र मोत्यासारखं. त्यानं ग्रामसभेत उभं राहून विचारलं, गायरान कोणत्या ठरावानं दिलं? उत्तर मिळालं नाही, म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्या अर्जावर त्याला त्या जमिनीचा नकाशा मिळाला, सरकारी शिक्का मारलेला. तो नकाशा आणि गावातली पंधरावीस बायामाणसं घेऊन तो दोन दिवस कुंपणापाशी बसला. खांबाला कोणी हातसुद्धा लावला नाही.

त्यानंतर आमच्या गाडीला काम लागलं. प्रकल्पाला धोका आहे, त्या म्हाताऱ्यामागं कोणीतरी आहे, असं साहेबांनी सांगितलं. रोज सकाळी साध्या कपड्यातली दोन माणसं घेऊन मी त्या गावात जायचो आणि शाळेच्या भिंतीला गाडी लावून दिवस मावळेपर्यंत बसायचो. मामा मेंढरं घेऊन निघाला की त्याचे फोटो काढायचे. कोणाशी बोलला, कोणाच्या ओट्यावर टेकला, ते लिहायचं. मी गाडीची काच खाली घेत नसे. सासुरवाडीच्या गावात तोंड लपवून बसायची वेळ आली होती.

चौथ्या दिवशी मामा किटली घेऊन आला. बकरीच्या दुधाचा चहा होता. तिघांना दिला, ऊन फार आहे, झाडाखाली गाडी लावा म्हणाला. मला त्यानं ओळख दाखवली नाही. ओळख दाखवली तर माझी अडचण होईल, हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

मग ड्रोन आलं. असली यंत्रं मोठ्या शहरांच्या बंदोबस्तासाठी घेतात, असं सोबतचे दोघे कौतुकानं सांगत होते. त्यांनी ते मेंढरांवर इतकं खाली आणलं की कळप बिथरून ओढ्याच्या दरडीवरून खाली गेला. दोन गाभण मेंढ्यांचे पाय मोडले. मामा एकेक मेंढी खांद्यावर घेऊन वर चढत होता, आणि ते दोघे मोबाइलवर ते पाहत हसत होते. मलाही दाखवलं. मी पाहिलं.

एका आठवडी बाजारच्या दिवशी त्याला उचलायचं ठरलं. लोकर कातरायची कातर धार लावून घेऊन तो बाजारातून परतत होता. त्याला गाडीत बसवून आम्ही त्याच्या घरी गेलो. मामी दारात उभी होती. झडतीला वेळ लागला नाही, कारण घर दोन खोल्यांचं. नकाशा आणि अर्जांच्या नकला एका प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत, चुलीजवळच्या खुंटीला टांगलेल्या होत्या. दारातून दिसत होत्या.

पंच म्हणून सही करायला गावातलं कोणी पुढं आलं नाही. साहेबांनी मला बोलावलं. कंत्राटी आहेस, म्हणजे खासगी माणूसच झालास, म्हणाले. दुसरा पंच कंपनीचा मुकादम होता.

कागद माझ्या हातात आला तो मी पूर्ण वाचला. त्यात लिहिलं होतं की आरोपीच्या अंगझडतीत धारदार हत्यार मिळालं, आणि घराच्या आढ्यात दडवून ठेवलेला संवेदनशील ठिकाणाचा नकाशा सापडला. मी सही केली.

परतीच्या वाटेवर मामा माझ्या मागच्या सीटवर होता. साहेब पुढं, माझ्या शेजारी. मामा हळूच म्हणाला, “जावईबापू, पिशवी खुंटीला होती. तुमी पाहिली ना?”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी रस्त्याकडं पाहत राहिलो.

त्याला लावलेल्या दहशतवादविरोधी कायद्यात जामीन सहसा मिळत नाही. त्याचे तीन उन्हाळे तुरुंगात गेले. मामी एकटी कळप सांभाळू शकली नाही, आणि चरायला गायरानही राहिलं नव्हतं. मेंढरं विकली गेली. माझं नाव पंच म्हणून आहे हे गावात कळलं, तेव्हापासून बायकोनं माहेरी जाणं सोडलं. ती भांडली नाही. एकदाच म्हणाली, “माझ्या गावात मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तुमी.” मी मात्र गाडी चालवतच होतो. शिकवणी, नांदेड, गव्हाची पोती.

खटला उभा राहिला तेव्हा साक्षीच्या आदल्या दिवशी मला बसवून काय बोलायचं ते घोकून घेतलं. कोर्ट दुसऱ्या जिल्ह्यात होतं. पिंजऱ्यात मामा दिसला. दाढी वाढलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्याला पाहून माझं मन पालटलं असं मी लोकांना सांगत आलो आहे. खरं तर सरकारी वकिलानं नकाशा कुठं मिळाला असं विचारलं, आणि आढ्यात हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही, एवढंच झालं. मी म्हणालो, “खुंटीला. रेशनकार्डाच्या पिशवीत.” कातर कशाची होती तेही सांगितलं, आणि मी पथकाचाच ड्रायव्हर आहे हेही.

सरकारी वकिलानं मला तिथल्या तिथं फितूर ठरवून घेतलं. कोर्टात साक्ष फिरवणाऱ्याला तोच शब्द आहे. दुपारी गाडीची चावी काढून घेतली, मी एसटीनं घरी आलो.

चार महिन्यांनी मामा निर्दोष सुटला. तोवर साहेबांना बढती मिळाली होती. गायरानावर आता काचेच्या पाट्यांच्या रांगा आहेत आणि त्यांच्याभोवती तारेचं कुंपण.

तो सुटल्यावर महिन्याभरानं मी एकटाच त्याच्याकडं गेलो. मामी मला पाहून आत गेली ती परत बाहेर आली नाही. मामा ओट्यावर बसला होता. त्यानं हातानं चाचपून माझ्यासाठी जागा केली. नोकरीचं विचारलं, मी परत ट्रॅक्टर चालवतो म्हणालो. माफी मागायची म्हणून मी वाक्य जुळवून गेलो होतो, ते मला आठवेना.

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, “सही करायच्या आधी वाचलं होतं का तुमी?”

“व्हय,” मी म्हणालो. “समदं वाचलं होतं.”

त्यानं चांगला डोळा माझ्याकडं वळवला.

“मला वाटायचं,” तो म्हणाला, “तुमाला वाचू दिलं नसंल.”